ज्युबिली : एका शब्दाची वंशावळ

ज्या शब्दाच्या निमित्ताने ही पुस्तिका वाचकांच्या हाती पडत आहे, तो आपल्या तोंडी इतका रुळला आहे की तो मूळचा कोणाचा, हे विचारण्याचे आपणांस सुचतही नाही. आपण त्यास इंग्रजी समजतो, व इंग्रजीच्या द्वारेच तो आपल्या घरी आला हे खरे. परंतु इंग्रजांच्या घरीही तो पाहुणाच आहे. त्याचे कुळ शोधू लागले असता वाट फ्रेंच, लॅटिन व ग्रीक भाषांतून थेट इब्री लोकांकडे, मेंढ्याच्या शिंगापाशी जाऊन पोहोचते. ती वाट वाचकांबरोबर थोडी चालून पाहावी, असा आमचा मानस आहे.

इब्री भाषेतील ‘योबेल’ म्हणजे मेंढा, व त्यावरून मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा, असे बहुतेक पंडित मानतात. मराठी पवित्र शास्त्रात ‘योबेल वर्ष’ असा मूळ शब्दच ठेविला आहे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणे सात वर्षांची सात आवर्तने संपली म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकावयाचे व पन्नासावे वर्ष पवित्र मानावयाचे. त्या वर्षी पेरणी नाही व कापणीही नाही. दारिद्र्यामुळे चाकरीस विकला गेलेला इब्री बांधव मुलांबाळांसह मोकळा होई, आणि विकलेले शेत मूळ घराण्याकडे परत येई. म्हणून शेताची किंमतही पुढील योबेलपर्यंत किती पिके निघतील, ह्याच हिशेबाने ठरे. भूमी देवाची आहे व मनुष्य तिच्यावर केवळ उपरा आहे, हे त्या विधीचे मूळ तत्त्व होय.

आता शब्दाने वळण कसे घेतले ते पाहावे. लॅटिन भाषेत ‘ज्युबिलारे’ हे क्रियापद पूर्वीपासूनच होते. हर्षाने आरोळी देणे हा त्याचा अर्थ. कुळाने हे दोन शब्द निराळे, पण कानास ते भाऊच वाटत. इब्री शब्द लॅटिन शास्त्रात उतरला तेव्हा ह्या सोबत्याचा रंग त्यास लागला, आणि शिंग व आरोळी एकाच शब्दात नांदू लागली. चौदाव्या शतकात तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तो हे दोन्ही अर्थ घेऊनच. स्पॅनिश भाषेत तर ह्याच कुळातील ‘हुबिलादो’ म्हणजे सेवानिवृत्त मनुष्य. मोकळीक हा अर्थ तेथे असा टिकून राहिला आहे.

ख्रिस्तसभेने ह्या शब्दास नवे आयुष्य दिले. पोप आठवे बोनिफास ह्यांनी इ. स. १३०० मध्ये रोमच्या यात्रेकरूंस पापाच्या दंडाची माफी जाहीर केली व ती दर शंभर वर्षांनी मिळावी असे ठरविले. परंतु शंभर वर्षे कोण जगणार? म्हणून पोप सहावे क्लेमेंट ह्यांनी १३४३ मध्ये ही मुदत पन्नास वर्षांवर आणिली व १३५० साली पवित्र वर्ष झाले. पुढे १४७० मध्ये पोप दुसरे पॉल ह्यांनी ती पंचवीस वर्षांची केली, ती प्रत्येक पिढीस हा लाभ घडावा म्हणून. २०२५ चे पवित्र वर्षही ह्याच गणतीतले.

राजेलोकांनीही हा शब्द उचलला. इंग्लंडचे तिसरे जॉर्ज ह्यांच्या राज्याचे पन्नासावे वर्ष १८०९ मध्ये लागले, तेव्हा लहानसहान कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांस सोडविण्यासाठी वर्गणी जमविण्यात आली. म्हणजे योबेलचा मूळ अर्थ अगदीच विसरला गेला नव्हता. व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ च्या सुवर्णमहोत्सवाची खूण मुंबईतही राहिली. त्या वर्षी निघालेल्या तंत्रशाळेच्या नावात ‘ज्युबिली’ होते. १९९७ मध्ये तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले, तरी इंग्रजी आद्याक्षरे तीच राहिली. पुढे पंचवीस आठवडे चाललेल्या चित्रपटाचीही ‘ज्युबिली’ होऊ लागली. शब्द असा स्वस्त झाला.

परंतु ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांनी त्याचा खरा अर्थ जपून ठेविला. अमेरिकेत गुलामगिरीत पिचलेले निग्रो बांधव मुक्तीच्या दिवसास ‘ज्युबिलीचा दिवस’ म्हणत. १८६३ च्या पहिल्या जानेवारीस मुक्तीचे फर्मान अमलात आले, तेव्हा त्यांनी ह्याच नावाने तो दिवस साजरा केला. १८७१ मध्ये नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालयातून गायनास निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मेळ्यास हेच नाव मिळाले. त्यांतील बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले होते. आणि २००० सालच्या ज्युबिलीपूर्वी, १९९४ मध्येच, पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी दरिद्री राष्ट्रांच्या कर्जाचा भार हलका करावा असे सुचविले होते. १९९८ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅम येथे सुमारे सत्तर हजार लोकांनी हातात हात घालून त्याच मागणीसाठी साखळी धरली.

वाचकहो, हा सर्व इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, शब्दाचे दोन वाडवडील आपण पाहिले. त्यांपैकी आरोळीचा वारसा आपण हौसेने चालवितो. तोरणे बांधितो, बँड लावितो, पंगती घालितो, आणि त्यात वावगे काही नाही. पण शिंगाचा वारसा? बांधावरून दोन भावांत अबोला असेल, उसनवारीमुळे शेजाऱ्याने तोंड चुकविले असेल, जुन्या रागाने एखादे घर आपल्या दारी येत नसेल, तर त्यांस मोकळे करणे हेच योबेलचे काम होय. शिंग फुंकिले जाई ते प्रायश्चित्ताच्या दिवशी, हे आपण विसरू नये. आधी क्षमा व मग आनंद, असा तो क्रम आहे. आपल्या धर्मग्रामात ह्या वर्षी एक जरी जुने येणे सोडले गेले, एक जरी अबोला मिटला, तरी हा शब्द आपण योग्य अर्थाने उच्चारला असे आम्ही समजू.