पश्चिमेचा वारा, पश्चिमेचा पाऊस

वास्तुकलेवरील आधुनिकतावादाचा प्रभाव तपासताना त्याचे रूप आणि त्याची रीत या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. सपाट छत, कोऱ्या भिंती, आडव्या लांब खिडक्या, खांबांवर उचललेले घर हे झाले रूप. इमारतीचा उपयोग कोणता, साहित्य कोणते, भार कोण पेलणार, या प्रश्नांतून आकार ठरवायचा ही रीत. १९१९ साली वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेने याच रीतीने खुर्ची, दिवा आणि छपाईची अक्षरेही घडवली. रूप पाहून उचलता येते; रीत मात्र दर ठिकाणी नव्याने राबवावी लागते.

नुसत्या रूपाचे काय होते, हे युरोपातच दिसले. पॅरिसजवळ पुआसी येथे वास्तुकार ल कोर्बुझिए यांनी बांधलेले व्हिला साव्हॉय (१९३१) आधुनिक घराचा आदर्श मानले जाते. त्याचे सपाट छत गळत असे, आणि घरच्या बाईसाहेब पत्रांवर पत्रे लिहून तक्रार करत होत्या.

मुंबईत हाच प्रश्न अधिक बिकट होतो. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, तसेच दुपारनंतरचे ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच येते. खिडकी उघडावी तर पाणी आत, लावून घ्यावी तर उकाडा. जुन्या बंगल्यांनी यावर खोल्यांभोवती व्हरांडा फिरवण्याचा उपाय काढला होता. कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’ (१९८३) या इमारतीत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी हाच व्हरांडा उंचावर नेला. २१ मीटर बाजूचा चौरस, ८४ मीटर उंची, ३२ घरे. घरे पूर्व-पश्चिम आरपार आहेत, म्हणून वारा खेळतो. आणि कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या कोरलेल्या आहेत, त्या ऊन-पाऊस खोल्यांच्या बाहेरच अडवतात.

व्हरांडा जुना; तो तिथे शक्य झाला आधुनिक बांधणीमुळे. एरवी कोपऱ्यात खांब लागतो. इथे मधला काँक्रीटचा गाभा बराचसा भार पेलतो, म्हणून कोपरा मोकळा सोडता आला. आरपार आणि एकमेकांत गुंतलेल्या घरांची कल्पना ल कोर्बुझिए यांच्या मार्सेय येथील निवासी इमारतीतून (१९५२) आली. बाहेरून मनोरा परका वाटतो. त्याचा छेद पाहिला की बंगल्याची ओळख पटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आधुनिकतावादाने सामान्यांच्या घरांचे वचन दिले होते, आणि ‘कांचनजंगा’ धनिकांसाठी आहे. त्याचे उत्तर कोरिया यांच्याच बेलापूरच्या वसाहतीत शोधावे लागते. नवी मुंबईतील या वसाहतीत मनोरा नाही, काचही नाही. सात-सात ठेंगण्या घरांचे गट आणि मधे सुमारे ८ मीटर बाजूचे अंगण, अशी तिची मांडणी आहे. वरवर पाहता तिच्यात आधुनिक म्हणावे असे काहीच दिसत नाही. पण माणसाची मिळकत वाढते, कुटुंब वाढते, मग घर कसे वाढेल, हा प्रश्न तिथे आराखड्यातच सोडवलेला आहे.

आज तिथल्या कित्येक मालकांनी मूळ घरे पाडून वर मजले चढवले आहेत. रूपाच्या उपासकांना ही पडझड वाटेल. परंतु शेजाऱ्याची परवानगी न घेता प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे, म्हणूनच कोरिया यांनी तिथे दोन घरांत एकही भिंत सामाईक ठेवली नव्हती.