एका म्यानात चौदा तलवारी

ऑपरेटिंग सिस्टीम स्वभावानेच मालकीण. प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं आपलंच, असं धरूनच ती कामाला लागते. म्हणून एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवं असेल तर पाळ्या लावाव्या लागतात. एक बंद करा, दुसरी सुरू करा. घरच्या पीसींवर वर्षानुवर्षं हेच चाललं. पण अशा सिस्टीमना एकाच वेळी नांदवायची युक्ती पीसीच्या जन्माआधीच सापडली होती.

१९६४ साली आयबीएमने मोठ्या थाटात सिस्टीम/३६० जाहीर केली. एमआयटीने मात्र टाइम-शेअरिंगसाठी, म्हणजे एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्यासाठी, जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र पसंत केलं. नकार झोंबणारा होता. आयबीएमने उत्तर म्हणून टीएसएस/३६० हा अवाढव्य प्रकल्प हाती घेतला, आणि तो रखडला. इकडे एमआयटीच्या शेजारीच, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, आयबीएमचं एक छोटं केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी निराळीच वाट धरली: वापरणाऱ्याला संगणकातला वाटा कशाला द्यायचा? अख्खा संगणकच द्यावा. फक्त खोटा!

ही फसवणूक मोठी देखणी होती. खोट्या यंत्रातली सिस्टीम डिस्क चालवायचा हुकूम सोडते. पण तिला त्याचा अधिकार ठेवलेलाच नसतो, त्यामुळे प्रोसेसर अडतो आणि ताबा खालच्या नियंत्रक प्रोग्रॅमकडे जातो. तो खऱ्या डिस्कच्या ठरलेल्या तुकड्यावर काम उरकतो आणि उत्तर असं देतो, की वरच्या बाईंना काही पत्ताच लागत नाही. जानेवारी १९६७ मध्ये सीपी-४० नावाने हे रोजच्या वापरात आलं. मुद्दाम फेरफार केलेल्या एका ३६०/४० वर चौदा यंत्रं, प्रत्येकाला स्वतःची २५६के मेमरी असल्याचा भास! पुढे ३६०/६७ साठी सीपी-६७ आलं, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० हे अधिकृत उत्पादन.

पीसीवर ही युक्ती सहजी चालेना. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये काही हुकूम असे होते, की अधिकार नसला तरी ते अडत नसत, गुपचूप चुकीचं काहीतरी करून मोकळे होत. न अडणाऱ्याला पकडणार कसं? १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने असे हुकूम चालता चालताच बदलून वेळ मारून नेली. इंटेलने चिपमध्येच सोय केली ती २००५ साली, म्हणजे केंब्रिजनंतर जवळपास चार दशकांनी. हा उशीर तंत्रापेक्षा विसरभोळेपणाचाच म्हणायचा.

व्हीएम/३७० चा वंशज झेड/व्हीएम आजही आयबीएमच्या मेनफ्रेमवर शेकडो लिनक्स एकत्र चालवतो. तिथे एका वापरकर्त्याने दुसऱ्याला फाइल पाठवली, की ती अजूनही त्याच्या खोट्या पंचकार्ड-रीडरमध्येच जाऊन पडते.