संकटात मिळालेली ‘शांती’ इतिहासाचा पुरावा होऊ शकते का? किल्लारी ते केडगाव



लातूर-नांदेडकडच्या विद्यार्थ्यांशी संशोधनाच्या विषयाबद्दल बोलताना किल्लारीचं नाव निघतंच. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं काही सेकंदांत खाली आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली.

यावर विषय सुचवायला सांगितलं की बहुतेक जण पुनर्वसन, घरबांधणी, शासकीय धोरण, स्वयंसेवी संस्था हे विषय सांगतात. चांगलेच विषय आहेत, कागदपत्रंही मिळतात. पण मधेच एखादा विद्यार्थी विचारतो, “सर, घरं तर सरकारनं बांधून दिली. पण ज्यांचं सगळं घरदार गेलं ती माणसं आतून कशी सावरली? कुणी वारीला लागलं, कुणी दर्ग्यात, कुणी विहारात, कुणी चर्चमध्ये गेलं. यावर काम करता येईल का?”

उत्तर आहे, येईल. पण मार्गदर्शक पहिलाच प्रश्न विचारतील: मनाची शांती हा पुरावा कसा काय? ती मोजणार कशी आणि तपासणार कशी? या प्रश्नाला उत्तर तयार नसेल तर आराखडा तिथेच अडकतो. आजच्या लेखात ते उत्तर एका अशा उदाहरणातून शोधू, जिथे कागदपत्रं भरपूर आहेत. विषय आहे संकटकाळात ख्रिस्ती श्रद्धेतून मिळालेली शांती, आणि व्यक्ती आहेत पंडिता रमाबाई.

आधी संकट समजून घ्या

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित, आणि बायकोला व मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतलेले. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांवर पुराण सांगत देशभर फिरायचं. 1874 ते 1877 या काळात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि त्यात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. दोघं हजारो मैल पायी फिरले.

1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882 च्या सुरुवातीला नवराही गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत माहेरची सगळी माणसं आणि नवरा गमावलेली ही बाई पुण्यात आली ती कडेवर लेकरू घेऊन. त्याच वर्षी तिने आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडंच आधी त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने तिथेच स्वतःचा जीव घेतला होता. म्हणजे धर्मांतराच्या अगदी उंबरठ्यावरसुद्धा एक मृत्यू आहे.

सोपी गोष्ट आणि तिच्यातली अडचण

इथपर्यंत वाचलं की एक सरळ गोष्ट तयार होते: संकटं आली, माणूस खचला, ख्रिस्ताकडे वळला, शांती मिळाली. भक्तिपर पुस्तिकांत ही गोष्ट अशीच असते. विरोधकांच्या लिखाणातही तीच असते, फक्त शेवट वेगळा: खचलेल्या बाईला मिशनऱ्यांनी ओढलं. गंमत बघा, दोन्ही बाजूंचा साचा एकच आहे. दोन्हीकडे संकट हे कारण आणि धर्मांतर हा परिणाम.

आता साधनं उघडू. रमाबाईंनी 1907 मध्ये इंग्रजीत आपली ‘साक्ष’ लिहिली. ‘साक्ष’ हा ख्रिस्ती परंपरेतला एक ठरलेला लेखनप्रकार आहे. मी आधी कुठे होते, देवाने मला कसं बदललं आणि आता मी कशी आहे, असा त्याचा क्रम असतो. ही साक्ष वाचताना तीन गोष्टींची नोंद घ्या. पहिली, दुष्काळ आणि लेखन यांच्यात तीस वर्षांचं अंतर आहे. दुसरी, ती मुख्यतः श्रद्धावान ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेली आहे. तिसरी, लिहिणारी बाई तोवर एका मोठ्या संस्थेची प्रमुख झालेली आहे.

याच बाईची 1883 नंतरची पत्रंही उपलब्ध आहेत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी ती जपली आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली 1977 मध्ये ती छापली गेली. ही पत्रं वाचताना शांती सापडत नाही, भांडण सापडतं. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून मानायचं, हे मान्य नाही. मुलग्यांना शिकवू नको असं सांगितलं गेलं तर त्यावर वाद. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, यावरही वाद. सिस्टर जेराल्डीनना त्यांच्यात गर्व दिसतो, आणि रमाबाईंना मठाच्या शिस्तीत नवी पुरोहितशाही दिसते.

म्हणजे बाप्तिस्मा झाला, पण शांती झाली नाही. आणि हे आपणच ओढूनताणून काढलेलं अनुमान नाही. साक्षीत त्या स्वतः हेच सांगतात: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव त्या 1891 च्या सुमारास ठेवतात. विल्यम हॅसलम या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचताना आपल्याला अजून काय मिळालेलं नाही, हे त्यांना जाणवलं. बाप्तिस्म्यापासून त्या जाणिवेपर्यंत आठ वर्षं गेली. संशोधक म्हणून आपल्याला ही आठ वर्षंच महत्त्वाची.

‘शांती’ हा शब्द कुठून आला?

संकल्पनेचा इतिहास हा दुसरा धागा. मराठी माणसाला ‘शांती’ हा शब्द मिशनऱ्यांनी दिला नाही. आपल्या मराठवाड्यातल्या पैठणच्या एकनाथांना लोक ‘शांतिब्रह्म’ म्हणतात. घरी विघ्न आलं की ‘शांत’ करायची, ग्रहांची शांती, वास्तुशांती हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. पुढे ख्रिस्ती मराठीत हाच शब्द प्रार्थनेत आणि शास्त्रवचनांत बसला. ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ वाजत असणार, एक विधी करून मिळणारी शांती आणि दुसरी कृपेने मिळणारी.

रमाबाईंच्या साक्षीत हा फरक फार टोकदार आहे. दुष्काळात कुटुंबाने काय केलं, ते त्या सांगतात: होतं नव्हतं ते दान केलं, व्रतं केली, स्नानं केली, उपास केले. अंगमेहनतीचं काम मात्र करता आलं नाही, कारण विद्येचा आणि जातीचा अभिमान आडवा आला. विधी सगळे झाले आणि माणसं मात्र उपाशी मेली. त्यांच्या नंतरच्या श्रद्धेत न कमावता मिळणाऱ्या कृपेवर इतका भर का आहे, याचं एक उत्तर मला इथे दिसतं.

त्यांच्या समकालीनांशी तुलना केली तर हा मुद्दा आणखी उघड होतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्यांनी जुनी वाट तोडली नाही, पुढे नेली. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर वेगळीच. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर संकट कोसळलं ते त्या धर्मांतराचंच. काही वर्षं ताटातूट झाली, लोकांची बोलणी खावी लागली. जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या, हे मनाला पटलं तिथून त्या बदलल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये साक्षीचा साचा जवळजवळ नाहीच. स्वतःच्या सोवळ्यावर त्या हसतात आणि शांतीविषयी फारसं बोलत नाहीत. तरी ज्या सुरात त्या स्वतःचे हाल सांगतात, त्या सुरातच ती जाणवते. एकाच पिढीतल्या तीन माणसांच्या तीन वाटा. ‘ख्रिस्ती श्रद्धेतून मिळालेली शांती’ असं एकच लेबल लावलं तर त्या तिन्ही हरवतात.

शांतीचा तपास कृतीत करा

मग मूळ प्रश्नाकडे येऊ: तपासणार कसं? कुणाच्या मनात शिरून बघता येत नाही. पण ज्याला शांती मिळाली असं तो म्हणतो, तो पुढच्या संकटात कसा वागला, हे बघता येतं. त्याच्या तारखा असतात, कागद असतात.

1896-97 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुली, विधवा घेऊन आल्या. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेलं आणि 1890 मध्ये पुण्यात आलेलं शारदा सदन होतं, पण एवढ्या मुलींना तिथे जागा नव्हती. त्यात पुण्यात प्लेग. मग केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. ज्या अनुभवाने त्यांचं कुटुंब संपवलं, त्याच अनुभवात त्या दुसऱ्यांदा आपणहून शिरल्या. आणि जे काम करायला पंडितांच्या घरात लाज वाटायची, ते शेती, विणकाम, छपाई असं हाताचं काम मुक्तीत प्रत्येक मुलीला शिकवलं गेलं. साक्षीतल्या वाक्याला पुरावा म्हणून जोड द्यायची तर ती अशी.

आणखी एक कागद बघा. 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत बायकांची जी हेळसांड झाली, त्यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सरकारविरुद्ध पत्र लिहिलं. त्याची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली. शांती म्हणजे गप्प बसणं, असं गृहीत धरून जो संशोधक निघेल त्याला हे पत्र कुठे ठेवावं ते कळणार नाही.

ज्यांची साक्ष नाही त्यांचं काय?

इथे थांबलो तर आपणही भक्तिपर पुस्तिकाच लिहू. म्हणून अवघड प्रश्न. 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुलींवर धर्माचा प्रभाव टाकला जातो या आरोपावरून मोठं वादळ झालं. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे मुक्तीत आलेली दुष्काळातली पोर उपाशी होती, अनाथ होती, आणि अन्न, छप्पर, शिक्षण, प्रार्थना हे सगळं तिला एकाच दारातून मिळत होतं. तिची श्रद्धा खरी असू शकते. तिच्यापुढे पर्याय नव्हता हेही खरं असू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि संशोधकाला हे दोन्ही हातात धरून लिहिता आलं पाहिजे. 1905 च्या मुक्तीतल्या आध्यात्मिक जागृतीची वर्णनं भरपूर आहेत, पण ती बहुतेक चालकांच्या आणि मिशनरींच्या लेखणीतून आलेली. मुलींचा स्वतःचा आवाज त्यात किती, हा प्रश्न प्रत्येक पानाला विचारावा लागतो.

खुद्द रमाबाईंचा शेवटही गोड नाही. मनोरमा जुलै 1921 मध्ये गेली. म्हाताऱ्या आईने हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं काम चालूच ठेवलं, आणि ते हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. दुष्काळात मरण जवळून पाहिलेली, शेवटी एकुलती एक लेकही गमावलेली ही बाई मुद्रितं तपासत होती. यावर भाष्य करायची गरज नाही. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तरी पुरेसं आहे.

आता किल्लारीकडे

किल्लारीवर, सास्तूरवर किंवा आणखी कुठल्या गावावर मौखिक इतिहास करणार असाल, तर वरच्या उदाहरणातून चार गोष्टी घ्या.

एक, अंतर नोंदवा. 1993 ची आठवण आज सांगितली जाते तेव्हा मधल्या तीसेक वर्षांनी तिला घडवलेलं असतं. म्हणून ती खोटी ठरत नाही. ती दोन काळांचा पुरावा ठरते, तेव्हाचा आणि आजचा.

दोन, सांगण्याचा साचा ओळखा. साक्षीचा साचा असतो तसा वारकऱ्याच्या अनुभवकथनाचाही असतो, आणि सरकारी अधिकाऱ्याला हजारदा सांगून पक्क्या झालेल्या हकिगतीचाही. साच्यात न बसणारं वाक्य आलं की तिथे थांबा.

तीन, मधली वर्षं विचारा. “श्रद्धेने शांती मिळाली का?” हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर प्रश्नातच आहे. त्यापेक्षा विचारा: पहिल्या वर्षी दिवस कसा जायचा? नव्या गावात आल्यावर पहिला सण कधी केला? देवाशी भांडलात का? पुढे दुसरं दुःख आलं तेव्हा काय केलंत?

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: समोरची व्यक्ती आपलं साधन नाही. कुणी बोलताना थांबलं तर रेकॉर्डर बंद करा, चहा घ्या, पुन्हा कधी यायचं ते त्यांना ठरवू द्या. प्रकरण चार अर्धवट राहिलं तरी चालेल. कुणाची मुश्किलीने बसलेली घडी आपल्या प्रबंधासाठी विस्कटू नये.

मार्गदर्शकांनी “शांती मोजणार कशी?” विचारलं, तर आता उत्तर द्या: मोजणार नाही. ती कुणी, कधी, कुणाला, कुठल्या शब्दांत सांगितली आणि सांगितल्यावर काय केलं, ते तपासणार. एवढं नीट केलं तरी एका प्रबंधाला पुरून उरतं.

काही शंका असतील तर विचारा. पुढच्या लेखात मौखिक मुलाखतीचं संमतीपत्र मराठीत कसं लिहायचं ते पाहू.