बरं वाटतंय, तरी टेस्ट पॉझिटिव्ह का येते?

आरटी-पीसीआर टेस्ट विषाणूचे जनुकीय अंश शोधते. ते जिवंत विषाणूचे आहेत की मेलेल्या, हे तिला कळत नाही. मग विषाणू किती दिवस सापडतो, हे कशावर ठरतं?

विषाणू: प्रौढांमध्ये फ्लू साधारण ५ ते ७ दिवस सापडतो, कोविडचे अंश कधीकधी ३ महिन्यांपर्यंत.

वय: लहान मुलांमध्ये जास्त दिवस.

प्रतिकारशक्ती: ती कमकुवत असेल, उदाहरणार्थ केमोथेरपी सुरू असेल, तर आरएसव्ही ४ आठवड्यांपर्यंत पसरू शकतो.

टेस्टचा प्रकार: अँटिजेन टेस्ट पीसीआरपेक्षा लवकर निगेटिव्ह होते.

सौम्य कोविडमध्ये १० दिवसांनंतर संसर्ग पसरण्याची शक्यता खूप कमी असते. तरीही घरात तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील, तर खोकला असेपर्यंत मास्क वापरा.