छायाचित्रणातील अग्निपर्व

विजेचा लखलखाट छायाचित्रकाराच्या हाती येण्यापूर्वी ज्याला अंधाऱ्या जागेचे चित्र घ्यावयाचे असे, त्याला प्रत्यक्ष अग्नीचाच आश्रय करावा लागे. मॅग्नेशियमची तार मँचेस्टर येथे तयार होऊ लागल्यावर १८६४ साली आल्फ्रेड ब्रदर्स याने तिच्या उजेडात डर्बीशायरमधील ब्लू जॉन खाणीचा अंतर्भाग काचेवर उतरविला, आणि पुढच्याच वर्षी पियाझी स्मिथ या ज्योतिर्विदाने तीच ज्योत गीझाच्या महापिरॅमिडात नेली; परंतु ही तार महाग होती, सावकाश जळे, आणि तिचा पांढरा धूर कोंदट जागेत साचून राही.

१८८७ साली जर्मनीत मीथे व गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळले, तेव्हा खरे साहस सुरू झाले. क्लोरेट आपल्याजवळचा प्राणवायू देऊन टाकी, त्यामुळे सारी पूड एकदम भडके. मात्र नुसत्या घर्षणानेही ती पेट घेऊ शके. म्हणून द्रव्ये वेगवेगळी ठेवावीत, लागतील तेवढीच ऐन वेळी कागदावर हलक्या हाताने कालवावीत, खलात एकत्र कदापि घोटू नयेत, असा जाणत्यांचा शिरस्ता पडला. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी ओतल्यास हायड्रोजन निर्माण होऊन आग अधिकच चेतते. तेथे कोरडी वाळूच हवी. भिंगाचे झाकण काढावयाचे, पूड पेटवावयाची आणि लगेच झाकण लावावयाचे, एवढ्या अवधीत सारा खेळ आटपे.

न्यूयॉर्कमधील पोलीस कचेरीच्या बातम्या देणारा जेकब रीस याने या शोधाची वार्ता वृत्तपत्रात वाचली, आणि गोरगरिबांच्या ज्या काळोख्या खोल्यांविषयी लिहून लिहून तो थकला होता त्या खोल्या जगाला डोळ्यांनी दाखविण्याची तजवीज त्याला सापडली. आरंभी तो पिस्तुलासारख्या साधनातून पूड उडवी. परंतु मध्यरात्री पिस्तूल रोखून आलेले परके इसम पाहून रहिवासी भयभीत होत, म्हणून त्याने तळण्याचा तवा पत्करला. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत चित्र घेताना भिंतीवरच्या कागदांना व चिंध्यांना आग लागली, आणि तेथील आंधळ्यांना तिची गंधवार्ताही नसताना ती त्याने एकट्याने कशीबशी विझविली. दुसऱ्या एका प्रसंगी ज्वाला त्याच्याच डोळ्यांवर आली, तेव्हा केवळ चष्म्यामुळे त्याची दृष्टी वाचली. या चित्रांवर आधारलेला त्याचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला, आणि ज्या मलबेरी बेंड वस्तीविरुद्ध त्याने लेखणी झिजविली ती पाडून तेथे १८९७ साली उद्यान खुले झाले. रीसच्या कार्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही त्या आगीची जोखीम ज्यांच्या माथी आली त्या निद्रिस्त व अंध माणसांची संमती कोणी विचारली नव्हती, ही कसूर त्याच्या पदरी घातल्यावाचून या इतिहासाला न्याय मिळणार नाही. स्वतःच्या डोळ्यांवर संकट ओढवून घेणे आणि दुसऱ्याच्या छपराखाली आग पेटविणे, या दोहोंची योग्यता एक नव्हे.

ही ज्वाला पुरती बंदिस्त झाली ती १९२९ साली, जर्मनीतच. प्राणवायूने भरलेल्या काचेच्या गोळ्यात ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख ठेवावयाचा आणि विजेच्या प्रवाहाने तो पेटवावयाचा. धूर नाही, ठिणगी नाही, आणि प्रत्येक गोळा एकदाच वापरावयाचा. काच तडकून तुकडे उडू नयेत म्हणून तिच्यावर लाखेसारखा लेप चढवू लागले. पुढे पुष्कळ गोळ्यांत एक निळा ठिपकाही असे. काचेला बारीक चीर जाऊन दमट हवा आत शिरली की तो गुलाबी पडे, आणि असा गोळा पेटविताना फुटण्याचा संभव असल्यामुळे जाणता छायाचित्रकार प्रत्येक गोळा लावण्यापूर्वी त्या ठिपक्याचा रंग पाही.