गाणाऱ्याला ऐकू येतंय का?

यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी लिहाच" असा आग्रह संपादक मंडळाने केला तेव्हा मी जरा गोंधळलो. मी लेखक नव्हे. नोकरीनिमित्त १९८३ साली दिल्लीत आलो, मंडळाचा सभासद झालो आणि पुढच्याच वर्षी "तुम्हाला वायरींतलं कळतं ना, मग माइक तुम्हीच बघा" असे म्हणून तेव्हाच्या कार्यवाहांनी हे काम माझ्या गळ्यात घातले. ते अजून गळ्यातच आहे. तेव्हा जे थोडेफार कळते त्याविषयीच लिहितो.

सुरुवात माझ्या एका चुकीने करावी लागेल. १९९४ च्या उत्सवात चौथ्या दिवशी नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. मंडळातल्याच एक काकू गाणार होत्या. वय साठीच्या आसपास. आपल्या वसाहतीतल्या कितीतरी मुलींना त्यांनी पेटी आणि गाणे शिकवले होते, पण स्वतः व्यासपीठावर बसून त्यांना बरीच वर्षे झाली होती. तीन महिने त्यांनी रियाज केला. मी रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना प्रेक्षकांकडे तोंड करून उंच खोकी लावली होती आणि भाड्याचा ॲम्प्लिफायर घेऊन मागे बसलो होतो. दुसऱ्या पदाला काकूंनी कानाकडे बोट दाखवले. मला वाटले, आवाज वाढवायला सांगताहेत. मी वाढवला. माइकने अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतली मुले कान झाकून उठली. मी घाबरून आवाज खाली आणला. काकू आणखी जोर लावून गाऊ लागल्या, अंतऱ्यात सूर सुटला, तबला पुढे गेला. त्यांनी पद अर्धेच थांबवले, बाप्पाला नमस्कार केला आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. चहा देताना त्या म्हणाल्या, "अरे, मला माझाच सूर सापडत नव्हता. तुम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, मला सोडून." त्यानंतर काकू आपल्या मंडपात गायल्या नाहीत. मी बऱ्याचदा विचारले, त्यांनी हसून विषय बदलला.

त्या वाक्याने मला कामाला लावले. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कसा ऐकवायचा, हा प्रश्न जगात इतरांनाही पडला असणारच. मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचकहो, या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक निघाला.

विजेच्या माइकपूर्वी हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. या मंडळींनी भरलेली नाट्यगृहे नुसत्या गळ्यावर पेलली. साथीला ऑर्गन आणि तबला अगदी पुढ्यात असे. नटाला सूर आणि ठेका जवळून मिळे, आणि स्वतःचा आवाज त्या बंदिस्त वास्तूतून परत कानावर येई. आपल्या मैफलीत तंबोरे गायकाच्या मागे, कानाशी का ठेवतात, याचे उत्तरही हेच. श्रोत्यांना तो नाद मिळतोच, पण त्याची पहिली गरज गायकाला असते.

मग लाऊडस्पीकर आला. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सेन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सान फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे हजारो लोकांना भाषण आणि संगीत मोठे करून ऐकवले. त्यांच्या कंपनीचे नाव मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये 'मोठा आवाज'. १९१९ च्या सप्टेंबरात अध्यक्ष विल्सन यांनी सान डिएगोच्या स्टेडियममध्ये याच यंत्रावरून सुमारे ५०,००० लोकांपुढे भाषण केले. ते काचेच्या खोलीत उभे होते आणि त्यांचा आवाज वरच्या कर्ण्यांतून लोकांकडे जात होता. आपल्याकडे हे काम मोटवाने या सिंधी घराण्याच्या कंपनीने केले. गांधीजी आणि नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर 'शिकागो रेडिओ' अशी अक्षरे दिसतात. ते नाव अमेरिकेचे, कंपनी मात्र आपल्याच लोकांची.

पण ही सगळी व्यवस्था वक्त्यासाठी होती. वक्त्याला स्वतःचे शब्द ऐकू आले नाहीत तरी भाषण बेसूर होत नाही. गाण्याचे तसे नाही. शिवाय बोलणारा एकटा असतो, गाणाऱ्याच्या शेजारी तबला, पेटी, पुढे ढोलक आणि गिटारही आले.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे बीटल्स. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,६०० लोक त्यांना ऐकायला जमले. प्रत्येक गिटारला १०० वॉटचा ॲम्प्लिफायर होता आणि गाण्याचे आवाज स्टेडियमच्या घोषणांच्या कर्ण्यांतून जात होते. रंगमंचाकडे तोंड केलेला एकही स्पीकर नव्हता. किंकाळ्यांत चौघांना स्वतःचे गाणे ऐकू येईना. ढोल वाजवणारा रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून ठेका धरत असे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सान फ्रान्सिस्कोत त्यांनी दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम केला. दौरे थांबण्यामागे इतर कारणेही होती, पण स्वतःचे गाणे ऐकू न येणे हे त्यांतले मोठे कारण. हे वाचले तेव्हा मला आमच्या काकू आठवल्या. जगातल्या सर्वांत लोकप्रिय चौकडीचे दुखणे आणि आमच्या काकूंचे दुखणे एकच होते!

उपाय तसा साधा होता. एक स्पीकर गाणाऱ्याकडे वळवायचा. १९६१ साली सान फ्रान्सिस्कोत ज्युडी गार्लंड यांच्या कार्यक्रमात मॅक्यून या ध्वनिव्यवस्था पुरवणाऱ्या कंपनीने बाजूला स्पीकर ठेवून ते गायिकेकडे वळवले होते. पुढे बिल हॅन्ली यांनी हे तंत्र रुळवण्यात मोठा वाटा उचलला. ऑगस्ट १९६९ मधल्या वुडस्टॉक महोत्सवाची ध्वनिव्यवस्था त्यांचीच. १९७० च्या दशकात पायाशी ठेवायचे तिरके खोके सर्वत्र दिसू लागले. त्याला आपण मॉनिटर म्हणतो. मोठ्या कार्यक्रमांत त्यासाठी रंगमंचाच्या कडेला वेगळा मिक्सर आणि वेगळा माणूस बसू लागला. तो माणूस प्रेक्षकांसाठी काहीच करत नाही. फक्त कलाकारांकडे पाहत बसतो.

उपाय साधा, पण त्यात एक धोका आहे. तोच माझ्याकडून १९९४ साली झाला. माइकने घेतलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, आणि शेवटी शिट्टी बसते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांनी याचा उलगडा केला, म्हणून याला लार्सेन परिणाम असेही म्हणतात. आता गाणाऱ्याच्या तोंडाशी माइक आणि पायाशी स्पीकर ठेवायचा म्हणजे शिट्टीला निमंत्रणच. ते टळते माइकच्या रचनेमुळे. १९३९ साली शुअर कंपनीचा 'युनिडाइन' आला. तो पुढचा आवाज नीट घेई आणि मागचा फार कमी घेई. १९६६ साली त्याच वाटेने 'एसएम५८' आला. जाळीदार गोल डोक्याचा हा माइक तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. अशा माइकची पाठ जिकडे, तिकडेच मॉनिटर ठेवायचा. पाठीकडून येणारा आवाज त्याला जवळजवळ 'दिसत' नाही.

मला हे पुस्तकातून नव्हे, एका सरदारजींकडून समजले. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये मी १९९५ साली वायर घ्यायला गेलो होतो. तेथे तंबूवाल्यांना माइक लावून देणारे हे वृद्ध गृहस्थ भेटले. माझी कहाणी ऐकून ते म्हणाले, "साहब, पहले गानेवाले को सुनाओ. पब्लिक तो सुन ही लेगी." त्या वर्षी मी त्यांच्या लग्नसराईतल्या अनेक कार्यक्रमांना मागे बसून राहिलो.

त्यांनी शिकवलेल्या तीन गोष्टी येथे नोंदवतो, कारण त्या अजूनही खऱ्या आहेत.

पहिली, लांबच्या स्पीकरवर गायकाला विसंबायला लावू नये. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरची भिंत १७ मीटरवर असली, तर गाणे तिच्यावर आपटून परत यायला एक दशांश सेकंद लागतो. द्रुत लयीत तेवढ्याने ठेका चुकतो. पायाशी ठेवलेला लहान खोका तेच काम ताबडतोब करतो.

दुसरी, मॉनिटरचा आवाज प्रेक्षकांच्या आवाजापासून वेगळा ठेवावा. मिक्सरवर त्यासाठी प्रत्येक माइकला निराळे बटण असते, आणि ते मुख्य फेडरच्या आधी जोडलेले असावे. म्हणजे मी लोकांसाठी आवाज चढवला-उतरवला, तरी गायकाच्या पायाशी काही हलत नाही.

तिसरी सर्वांत कठीण. गायक "माझा आवाज वाढवा" म्हणाला की हात आधी वाढवण्याकडे जातो. सरदारजी तो हात धरत. "पहले देखो, क्या कम हो सकता है." तबला त्या खोक्यात कशाला हवा? तो तर शेजारीच वाजतो आहे. तो कमी केला की गायकाचा आवाज न वाढवताच वर येतो. न वापरलेले माइक बंद करा. चालू माइक दुप्पट झाले की शिट्टी बसण्याची मर्यादा सुमारे ३ डेसिबलने खाली येते. आरतीला आपण दहा माइक उघडे ठेवायचो, तेव्हा काय होत असे ते सांगायला नको!

'कमी करणे' हा धडा जगानेही उशिराच घेतला. १९७४ साली अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या वृंदाने शेकडो स्पीकरची भिंतच पाठीमागे उभी केली. लोक ऐकतात तेच आपणही ऐकावे, हा हेतू. शिट्टी टाळायला प्रत्येक गायकापुढे एकावर एक दोन माइक उलट जोडलेले होते. दोन्हींत सारखाच शिरणारा भिंतीचा आवाज वजा होई आणि एकाच माइकमध्ये गायलेला आवाज उरे. कल्पना सुंदर, पण डोलारा इतका अवजड की त्याच वर्षी तो मोडावा लागला. इतरत्र मॉनिटर मोठे होत गेले, वाद्येही मोठी होत गेली, आणि कलाकारांचे कान जाऊ लागले. 'द हू' या वृंदाचे पीट टाऊनशेंड यांनी आपल्या बहिरेपणाविषयी उघडपणे सांगितले आहे. अमेरिकेतील नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात ८ तास राहता येते, पण दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे.

यातून पुढची पायरी आली, कानात बसणाऱ्या मॉनिटरची. १९९५ साली जेरी हार्वे यांनी ॲलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकासाठी असे मॉनिटर बनवले आणि पुढे त्याचा उद्योग झाला. रंगमंच शांत झाला, शिट्टीचे भय गेले. उणीव एवढीच की गायकाला टाळ्याही ऐकू येत नाहीत, म्हणून प्रेक्षकांकडे एक माइक लावून तोही आवाज त्याच्या कानात सोडावा लागतो.

आपल्या मंडळाकडे आज डिजिटल मिक्सर आहे आणि कलाकार स्वतःच्या मोबाइलवरून आपला आवाज कमी-जास्त करू शकतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे उघड्या मंडपात रात्री १० नंतर कर्णे बंद होतात. सुरुवातीला आम्ही कुरकुर केली. पण वेळेच्या आणि आवाजाच्या मर्यादेत नेटके काम करायची सवय त्यामुळेच लागली, हे कबूल केले पाहिजे.

आता खरे सांगायचे ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी कान तपासून घेतले. आलेखात ४,००० हर्ट्झपाशी मोठा खड्डा आहे. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानांची ही ठरलेली खूण, आणि ती वयाने नव्हे, माझ्याच हलगर्जीपणाने पडली. झांजेची धार, गाण्यातला 'स'चा उच्चार मला आता नीट कळत नाही. जे मला ऐकू येत नाही ते मी वाढवत जाणार आणि पुढच्या रांगेतल्या मुलांच्या कानांवर घालणार. अशा माणसाने मिक्सरवर बसू नये.

मंडळातली एक मुलगी दोन उत्सव माझ्या शेजारी बसते आहे. गेल्या वर्षी भजनाच्या वेळी गायिकेने हाताने खूण केली. माझा हात पुढे गेला, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, थांबा. आधी पेटी कमी करते." गायिकेने मान डोलावली. प्रेक्षकांत कोणालाही काही कळले नाही.

यंदापासून मिक्सर तिच्याकडे आहे. तिला एक जोडीदार हवा आहे, तेव्हा तरुण मंडळींनी नावे द्यावीत. येताना कानात घालायचे बोळे आणावेत. काकू आज असत्या तर मी त्यांना पुन्हा एकदा विचारले असते.

गणपती बाप्पा मोरया!