अंधदृष्टी : जाणिवेच्या अभ्यासातील एक ऐतिहासिक टप्पा

पाहणे म्हणजे पाहत असल्याची जाणीव असणे, हे गृहीतक विसाव्या शतकात मेंदूविकारांच्या अभ्यासाने डळमळीत केले. पहिल्या महायुद्धात मेंदूच्या मागील भागास इजा झालेल्या सैनिकांची तपासणी जॉर्ज रिडॉक यांनी केली. दृष्टिक्षेत्राच्या अंध भागात काहींना स्थिर वस्तू दिसत नसे, हालचाल मात्र जाणवे, असे त्यांनी १९१७ मध्ये नोंदविले. गॉर्डन होम्स यांना हे मत मान्य झाले नाही.

पुढे १९७४ मध्ये लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ व सहकाऱ्यांनी ‘डी. बी.’ या रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेत उजव्या बाजूच्या दृष्टिकेंद्राचा भाग काढल्याने त्यास डावीकडचे दिसत नसे. तरीही तेथील प्रकाशबिंदूकडे तो बऱ्याच अचूकतेने हात नेई; आपण केवळ अंदाज करतो, असे सांगे. या अवस्थेस ‘ब्लाइंडसाइट’ अर्थात अंधदृष्टी हे नाव मिळाले. डोळ्यांकडून निघणारे काही चेतातंतू दृष्टिकेंद्राकडे न जाता मध्यमेंदूकडे जातात, हे तिचे एक स्पष्टीकरण होय. ही केवळ क्षीण दृष्टी असावी, असा आक्षेपही घेतला गेला.

रुग्णाचे ‘दिसत नाही’ हे निवेदन खोटे नव्हते आणि त्याची कृतीही योगायोग नव्हती. म्हणूनच दोन्हींची स्वतंत्र नोंद घेणे आवश्यक ठरते. या इतिहासाचे महत्त्व त्यातच आहे.